सुई, लोकर आणि मोगरा

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये ९:३६-४२, १ शमुवेल २:१८-१९, मत्तय ६:२८-३०



मार्च महिना लागला की बालाघाट जिल्ह्यातील परसवाडा भागात रान पेटल्यासारखे दिसते. पळस फुललेला असतो. झाडावर पान म्हणून नाही आणि फांदीफांदीवर केशरी ज्वाळा. काटेसावरीची जाड लाल फुले वाटेवर पडलेली असतात. पहाटे मोहाची फुले टपटप गळू लागली म्हणजे बायापोरे टोपल्या घेऊन झाडाखाली जमतात. आपल्या मराठीत परस म्हणजे घरामागची जागा, आणि शेजारच्या छत्तीसगडी बोलीत परसा म्हणजे पळस. गावाच्या नावाचा उगम कसाही असो, दोन्ही अर्थ त्याला शोभतात. हिंदी, पोवारी, गोंडी आणि मराठी अशा चार बोली कानावर पडणाऱ्या या मुलखात आपली मराठी ख्रिस्ती कुटुंबेही थोडी आहेत. अशाच एका घरी मी काही वर्षांपूर्वी उपवासकाळात उतरलो होतो. त्या घरातील एका वृद्ध भगिनीने मला एक प्रश्न विचारला आणि मी त्याचे धड उत्तर दिले नाही. ते देणे आज फेडावे म्हणून हा लेख.

घडले ते असे. संध्याकाळी स्त्रियांची प्रार्थनासभा होती आणि मी लूकच्या दहाव्या अध्यायातील मार्था व मरीया यांच्यावर बोललो. बोलण्याच्या भरात मी म्हणालो की, आजच्या मार्थेचे पसारे निराळे आहेत : सुया, दोरे, लोकरीचे गुंडे, फुलांच्या कुंड्या. प्रभूच्या चरणांशी बसण्याचा वेळ आपण चिंध्या जोडण्यात घालवतो. वाक्य मला चांगले साधले असे त्या वेळी वाटले. श्रोत्यांत ती आजीबाई बसली होती. तिचा पती जाऊन आठ महिने झाले होते. त्याची धोतरे, स्वतःची जुनी लुगडी आणि मुलांचे लहानपणचे सदरे धुऊन, फाडून ती त्यांची गोधडी शिवत होती. अर्धीअधिक झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहिले तो ओटीवर पसरलेली गोधडी नव्हती. ती घडी होऊन पेटीत गेली होती.

चहा देताना आजीबाई म्हणाल्या, "पाळकसाहेब, एक विचारू का जी? बुढा गेला तवापासून मले काही गोड लागत नव्हतं. ह्या फागुनात पहिल्यांदा सुईत दोरा ओवला अन् जीवाले बरं वाटलं. मोगऱ्याले कळ्या आल्या तं हासू आलं. हे पाप होय का?"

मी म्हणालो, "पाप नव्हे, पण प्रभूला पहिला वेळ द्यावा." उत्तरात चूक काही नव्हती. पण भाकर मागणाऱ्याच्या हाती धोंडा ठेवावा तसे ते होते. ती एवढेच म्हणाली, "बरं जी." पेटी मात्र तिने उघडली नाही. बालाघाटच्या मोटारीत बसल्यावर मला उमगले की, आठ महिन्यांच्या दुःखानंतर देवाने एका विधवेच्या ओंजळीत घातलेला आनंद मी एका भाषणाने काढून घेतला होता.

आता शास्त्रात काय आहे ते पाहू या. मनुष्य पापात पडला, अंजिराच्या पानांनी आपली लाज झाकू लागला, तेव्हा देवाने काय केले? शिक्षा सांगितली हे तर खरेच. पण त्यांना बागेबाहेर घालवण्यापूर्वी त्याने स्वतः चामड्याची वस्त्रे केली आणि त्यांना घातली (उत्पत्ती ३:२१). पवित्र शास्त्रातले पहिले टिकाऊ वस्त्र देवाने शिवले आहे! त्याआधी त्याने बाग लावली होती. म्हणजे ज्या दोन कामांना मी चिंध्या आणि कुंड्या म्हणून हिणवले, ती दोन्ही कामे देवाने आपल्या हातांनी केलेली आहेत.

पुढे निर्गमाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायाचे तिसरे वचन काढून पाहा. ज्यांना देवाने ज्ञानाच्या आत्म्याने भरले आहे असे तेथे म्हटले आहे ते लोक कोण? संदेष्टे नव्हेत, राजे नव्हेत. अहरोनाची वस्त्रे शिवणारे कारागीर. आणि पस्तिसाव्या अध्यायात स्त्रिया आपल्या हातांनी सूत कातून निळे, जांभळे, किरमिजी कापड निवासमंडपासाठी आणतात, बकऱ्याच्या केसांचेही सूत कातून आणतात. त्यांच्या कातण्याची नोंद पवित्र ग्रंथात झाली. आपण स्त्री-मंडळाच्या वार्षिक अहवालात किती जणींच्या विणकामाची नोंद करतो?

आता यापो येथील टबीथा, म्हणजे दुर्कस, हिच्याकडे येऊ. ही गोष्ट शब्बाथशाळेत आपण सगळेच शिकवतो, पण घाईने शिकवतो. पेत्राने तिला उठवले, हा चमत्कार सांगितला की धडा संपला. चमत्काराच्या आधी जे घडले तेथे थोडे थांबा. मूळ ग्रीक भाषेत 'शिष्या' असा स्त्रीलिंगी शब्द साऱ्या नव्या करारात एकदाच येतो आणि तो हिला लावला आहे. मरीयेला नाही, प्रिस्किल्लेला नाही. सुई चालवणाऱ्या या बाईला. तिने केलेला एकही उपदेश लूकने नोंदवलेला नाही. तिच्या मुखातले एक वाक्यसुद्धा नाही. ती मेली तेव्हा तिच्या माडीवर विधवा रडत उभ्या राहिल्या आणि त्यांनी पेत्राला दुर्कशीने शिवलेले अंगरखे व वस्त्रे दाखवली. मूळ क्रियापदाच्या रूपावरून काही टीकाकार म्हणतात की, ती वस्त्रे त्यांच्या अंगावरच होती. त्या आपापला पदर पुढे करून दाखवत होत्या. मला हे पटते. गरीब विधवेकडे पेटीत ठेवण्याइतके जादा कपडे कोठून असणार?

जरा विचार करा. पेत्राला लूद गावाहून तातडीने बोलावून आणले आहे. तिथे त्याला ती किती दानधर्म करी याचा हिशेब कोणी सांगितला नाही. शिवण दाखवली. जे हातांनी केलेले असते त्याला माणसाचा हात लागलेला असतो, आणि माणूस गेल्यावरही तो हात त्या टाक्यांत राहतो. ज्यांच्या घरी आजीची गोधडी आहे त्यांना हे मी समजावून सांगायला नको.

गोधडी म्हणा, वाकळ म्हणा, पोवारी शेजारणी कथरी म्हणतात तसे म्हणा, वस्तू एकच. तिच्यात कोरे कापड सहसा घालत नाहीत. अनेकदा धुतलेले, मऊ झालेले लुगडे वरच्या बाजूला, आत जुन्या कापडांचे थर, आणि मग कडेकडेने धावदोरा घालत मध्याकडे यायचे. दोन्ही बाजूंनी टाका दिसतो. उलटी बाजू अशी तिला नसते. कोरे कापड का घालत नाहीत हे कोणत्याही शिवणाऱ्या बाईला विचारा : पहिल्या धुण्यात ते आटते आणि जुन्याला ओढून फाडते. प्रभू येशूने हेच सांगितले (मार्क २:२१). सुतारकाम करणाऱ्या येशूला कोऱ्या कापडाच्या ठिगळाची ही खोड कशी ठाऊक झाली? नासरेथच्या घरात त्याने आपल्या आईला ठिगळ लावताना पाहिले असेल असे मला नेहमी वाटते.

येथे शब्बाथशाळेच्या शिक्षकांना एक सूचना करतो. हा दाखला नुसता सांगू नका. न धुतलेल्या मांजरपाटाचा वीतभर तुकडा जुन्या, विटक्या कापडावर मुलांकडून शिववून घ्या. पुढच्या रविवारपर्यंत गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवून आणा. शिवणीभोवती कापड कसे चुरमुडते ते मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. मुलग्यांनाही सुई द्या. दहा मिनिटांत एखाद्या बोटाला टोचेल, थोडी रडारड होईल, पण वचन विसरणार नाहीत.

लोकरीविषयी बोलताना मला हन्ना आठवते. पोटच्या मुलाला तिने देवाला वाहिले आणि शिलोला एली याजकाजवळ ठेवले. मग ती दरवर्षी पतीबरोबर यज्ञाला जाताना शमुवेलासाठी एक लहानसा झगा शिवून नेत असे. या एका वचनात किती सामावले आहे! मुलगा समोर नाही. वर्षातून एकदा भेट. मागच्या वर्षी कमरेएवढा होता, आता किती उंच झाला असेल? हात किती लांबले असतील? ती अंदाजाने बेतत असेल, थोडे वाढीव ठेवत असेल. नातू नागपूरला किंवा भिलाईला शिकायला आहे आणि आजी इकडे त्याचा स्वेटर विणते आहे, तिचे अगदी हेच चालते. शेजारच्या तेवढ्याच मुलाला उभे करून पाठीवर माप धरते. मागच्या वर्षीचा आखूड झालेला स्वेटर उसवते, लोकरीच्या लडी करून धुते, वजन बांधून वाळत टाकते म्हणजे तिची जुनी वळणे जातात, आणि नव्या लोकरीची एखादी पट्टी घालून पुन्हा टाके चढवते. एक सुलटा, एक उलटा. हाताला सवय झाली की डोळे मोकळे राहतात आणि ओठ हलू लागतात. मी पुष्कळ वृद्ध बायांना असे विणताना पाहिले आहे, आणि त्यांतल्या काही जणी ओळीगणिक एकेका नातवाचे नाव घेऊन प्रार्थना करतात हे मला फार उशिरा कळले. आम्ही सभेत प्रार्थनेच्या साखळीसाठी नावे मागतो. साखळी तर त्यांच्या सुयांवर चालूच असते.

स्तोत्र १३९ मध्ये दावीद म्हणतो की, देवाने त्याला आईच्या उदरात घडवले. तेथे पंधराव्या वचनात जो इब्री शब्द आहे तो रंगीत दोऱ्यांच्या कशिद्यासाठी वापरला जाणारा शब्द आहे. देव आपल्याला असा बारकाईने भरत होता. बाळंतविड्यासाठी टोपडे आणि मोजे विणणाऱ्या भगिनींनी हे स्तोत्र काढून जवळ ठेवावे.

कोणी म्हणतील, पाळकसाहेब, कपड्यांचा तरी उपयोग आहे, फुलांचे काय? मिशनच्या एका जुन्या वडील मंडळींनी मला हेच विचारले होते : "तेवढ्या पाण्यात भाजी नाही का होणार?" परसवाड्यासारख्या ठिकाणी एप्रिल-मे महिन्यांत पाण्याची टंचाई असते, तेव्हा प्रश्न रास्त आहे. तांदूळ-भाजी धुतलेले पाणी झाडांना घालावे, हे सांगायला पाळक नको. तुमच्या घरातली बाई ते करतेच आहे. पण प्रभूने डोंगरावरील प्रवचनात कशाकडे पाहा म्हणून सांगितले? भाजीच्या मळ्याकडे नव्हे, रानातल्या फुलांकडे. आपल्या मराठी शास्त्रात त्यांना भूकमळे म्हटले आहे. गालीलच्या टेकड्यांवर पावसाळी हिवाळा सरता सरता लाल अॅनिमोनी फुलतात, तीच प्रभूच्या मनात असावीत असे पुष्कळांचे मत आहे. आपल्या श्रोत्यांना त्यांची कल्पना देणे अवघड. पण पळसाकडे बोट दाखवले तर शलमोनाचे वैभव सांगायला दुसरे शब्द लागत नाहीत. प्रभू हेही लपवत नाही की ते गवत उद्या भट्टीत जायचे आहे. एका दिवसाच्या फुलासाठीसुद्धा बाप एवढा खर्च करतो. उपयोगाच्या तराजूत तोलायचे तर रानातला निम्मा पळस देवाला रद्द करावा लागेल.

ज्या माणसाने आपल्याला पहिला छापील मराठी नवा करार दिला तो फुलवेडा होता, हे किती जणांना माहीत आहे? विल्यम कॅरे. श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८०५ मध्ये त्याचे मराठी व्याकरण निघाले आणि १८११ मध्ये मराठी नवा करार. भाषांतरांच्या त्या डोंगराखाली दबलेला हा माणूस रोज बागेत जात असे. १८२० मध्ये त्याने शेती व बागकामासाठी एक संस्थाही काढली. इंग्लंडहून बियाणे आले त्या पोत्याची माती त्याने सावलीत झाडली, तर तिच्यातून त्याच्या मायदेशाचे डेझीचे एक इवलेसे फूल उगवले. त्याला झालेला हर्ष त्याने पत्रात लिहून ठेवला आहे. १८३४ मध्ये शेवटच्या आजारात त्याला कसली चिंता लागली म्हणाल? आपल्यामागे मार्शमन बागेत गाई सोडील याची! मला हा प्रसंग वाचून हसू येते आणि कॅरेविषयी आदर वाढतो. आणि आपले रेव्हरंड टिळक? फुलामुलांचे कवी हे नाव त्यांना महाराष्ट्राने दिले. परसवाड्यापासून फार दूर नसलेल्या राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांच्या हाती नवा करार आला, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहेच. त्यानंतर फुलांवरचे त्यांचे प्रेम कमी झाले असे कोठे दिसत नाही.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण तर याच प्रांताशी जोडलेले आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातील मुली आणि बालविधवा अन्नावाचून रस्त्याला लागल्या होत्या. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात त्यांना अन्न मिळाले, देवाचे वचन मिळाले. पण त्याबरोबर शिवण, विणकाम, हातमाग, छपाई, शेती आणि बागही मिळाली. पोटाला भाकर आणि आत्म्याला स्तोत्र देऊन रमाबाईंना पुरे वाटले नाही. जिचे सगळे हिरावले गेले आहे तिच्या हातांना काहीतरी सुंदर करता आले पाहिजे, हे त्या जाणत होत्या. मी त्या सभेत जाणत नव्हतो.

यातही मोह आहेत, ते नाकारत नाही. विणलेली शाल मंडळीत मिरवण्यासाठी होऊ शकते. शेजारणीच्या गुलाबापेक्षा आपला मोठा व्हावा म्हणून उपासना चुकवून खत घालणारे एक गृहस्थ मला माहीत आहेत. आणि बोलण्याच्या ओघात सांगतो, वेदीवर प्लॅस्टिकची फुले वर्षभर धूळ खात ठेवण्याची जी रीत काही मंदिरांत पडली आहे ती मला मुळीच आवडत नाही. त्यापेक्षा रानातली एक पळसाची डहाळी आणा. पण मोह आहे म्हणून वस्तू टाकायची तर प्रवचनही टाकावे लागेल. माझ्या त्या साधलेल्या वाक्यात कमी मिरवणूक नव्हती. मार्थेचे तरी प्रभूने काय म्हणून मन वळवले? ती काम करते म्हणून नव्हे. ती त्रासलेली आणि दगदगलेली होती म्हणून. माझी आजीबाई तर शिवताना शांत झाली होती. ती त्या क्षणी मरीयेच्या जागी बसली होती आणि मी तिला तेथून उठवले.

पुढल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारानंतर मी मुद्दाम परसवाड्याला गेलो. ओटीजवळचा मोगरा कळ्यांनी भरला होता. आजीबाईंनी त्याची हकिकत सांगितली : माघात पाणी तोडायचे, पाने मलूल होऊ द्यायची, फांद्या छाटायच्या, मुळाशी शेणखत घालून मग भरपूर पाणी द्यायचे. याला ताण देणे म्हणतात. "ताण नाही देल्ला तं पानंच पानं येतात जी, फूल नाही." मी ऐकत राहिलो. तिच्या स्वतःच्या ताणाविषयी मी काही बोललो नाही, तीही बोलली नाही.

रात्री कुटुंबाच्या प्रार्थनेत मी योहानाचा विसावा अध्याय वाचला. मरीया मग्दालीया रडत आहे. तिच्यासमोर उठलेला प्रभू उभा आहे आणि तिला वाटते की हा माळी आहे. मी म्हणालो की, पहिल्या ईस्टरच्या पहाटे तारणारा राजासारखा दिसला नाही, याजकासारखा दिसला नाही, बागेत काम करणाऱ्या माणसासारखा दिसला. त्याचे कबरस्थान बागेत होते आणि रडणाऱ्या बाईने त्याला माळी समजावे यात त्याला काही कमीपणा वाटला नाही. मग प्रेषितांची कृत्ये नववा अध्याय काढून दुर्कशीची गोष्ट वाचली. त्यानंतर साऱ्या घरादारासमोर आजीबाईंना म्हटले, "आजीबाई, मागच्या वर्षी मी तुम्हाला चुकीचे सांगितले. मला क्षमा करा."

त्या काही बोलल्या नाहीत. उठून आत गेल्या. पेटीचे झाकण उघडल्याचा आवाज आला. गोधडी बाहेर आणली तेव्हा तिला डांबरगोळ्यांचा वास येत होता आणि वर्षभराच्या घड्या पडल्या होत्या. जेथे टाका थांबला होता तेथे सुई तशीच खोचलेली होती, गंजलेली. त्यांनी ती उपटून टाकली, सुनेकडून नवी मागितली आणि दोऱ्याचे रीळ माझ्या हाती दिले.

"आता मले दिसत नाही साहेब. तुमीच ओवून द्या."

कंदिलाच्या उजेडात तो दोरा माझ्याकडून चौथ्या खेपेस ओवला गेला.